आठ महिन्यांचं गजकर्ण आणि चार औषधांची एक ट्यूब

प्रश्न थोडक्यात असा आहे. निफाड तालुक्यातले एक द्राक्ष बागायतदार, वय ३४. जांघेत आणि कमरेभोवती आठ महिन्यांपासून गजकर्ण. मेडिकलमधून आणलेली ट्यूब लावली की चार दिवसांत खाज थांबते, ट्यूब संपली की आठवड्यात पहिल्यापेक्षा जास्त पसरतं. मेव्हण्याला लिहून दिलेल्या चिठ्ठीवर इट्राकोनॅझोल या बुरशीवरच्या औषधाच्या कॅप्सूल पंधरा दिवस घेतल्या, सकाळी उपाशीपोटी, पित्ताच्या गोळीबरोबर. आता बायकोच्या पोटावर चट्टे आलेत आणि सहा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात रुपयाएवढा केस गेलेला डाग. विचारतात: बुरशी रक्तात उतरली का? वांगी-बटाटा बंद करू का? बागेतल्या फवारणीमुळे होतंय का? आणि सगळ्यात जालीम ट्यूब कोणती?

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण घोळ तिथेच झालाय. तुम्ही ट्यूबचं नाव लिहिलेलं नाही, पण तिच्या खोक्यावर बारीक अक्षरात काय छापलेलं असेल ते मी न बघता सांगू शकतो. ऑफ्लॉक्सॅसिन, ऑर्निडॅझोल, एखादं बुरशीचं औषध आणि क्लोबेटासॉल. पहिलं जिवाणूंसाठी, दुसरं मुख्यतः आमांशासारख्या आजारांसाठी. या दोघांचं गजकर्णाशी काही देणंघेणं नाही. तिसरं कामाचं. आणि चौथं म्हणजे मलमात मिळणाऱ्या सगळ्यात कडक स्टिरॉइडांपैकी एक. चार दिवसांत थांबलेली तुमची खाज या चौथ्याने थांबवली, बुरशीच्या औषधाने नाही.

खाज आणि लाली म्हणजे बुरशीविरुद्ध तुमच्या शरीराने केलेली आरडाओरड. स्टिरॉइड ती बंद पाडतं. राखणदाराच्या तोंडात बोळा कोंबल्यावर शिवार शांत वाटतं, पण चोर आतच असतो. मलम थांबलं की राखणदार पुन्हा ओरडतो आणि तोवर चोराने अख्खी वाडी व्यापलेली असते. अशा रुग्णांच्या अंगावर मला एका कड्यात दुसरं कडं दिसतं, नेमबाजीच्या फळीसारखं. कधी कडाच पुसट होते आणि साधा चट्टा वाटतो. जांघेतली कातडी पातळ असते, तिथे महिनोन्महिने हे मलम गेलं की गरोदर बाईच्या पोटावर येतात तशा पांढऱ्या-जांभळ्या भेगा उमटतात. गजकर्ण जातं, भेगा जन्मभर राहतात. हे मी विशीतल्या पोरांच्या मांड्यांवर आठवड्याला बघतो. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अनेक स्टिरॉइड मलमं शेड्यूल एच खाली आणली, म्हणजे ती डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकायची. काउंटरवर काय चालतं ते तुम्हाला माहीत आहे, मलाही.

तेव्हा ती ट्यूब आजपासून बंद. पण एक सांगून ठेवतो: बंद केल्यावर आठ-दहा दिवस खाज आणि लाली वाढेल. बहुतेक माणसं याच आठवड्यात हार मानून पुन्हा मेडिकलच्या पायरीवर जातात. खाजेसाठी सेटिरिझिनच्या जातीची गोळी रात्री देतो. तिने झोप येते, तेव्हा ती घेऊन ट्रॅक्टरवर बसू नका.

आता निदानाबद्दल. आठ महिन्यांत एकदाही कुणी तुमची कातडी खरवडून बघितलेली नाही, याची मला तुमच्या ट्यूबपेक्षा जास्त हळहळ वाटते. ही तपासणी इतकी साधी आहे की माझ्या टेबलाच्या डाव्या खणात तिचं सगळं सामान मावतं. चट्ट्याची मधली कातडी बऱ्याचदा बरी दिसते, बुरशी असते ती पुढे सरकणाऱ्या कडेवर. ती कड स्पिरिटने पुसायची, बोथट बाजूने धरलेल्या ब्लेडने कोंड्यासारखी खपली काचपट्टीवर पाडायची. रक्त येत नाही, दुखत नाही, पोरं तर हसतात. त्यावर १० ते २० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब, वर कव्हरस्लिप, आणि काचपट्टी जराशी कोमट करून दहा-वीस मिनिटं थांबायचं. कातडीच्या पेशी त्यात विरघळून काचेसारख्या होतात, बुरशीची भिंत मात्र तग धरते. मग मायक्रोस्कोपचा प्रकाश कमी करून पाहिलं की त्या धूसर पेशींच्या आरपार गेलेले हिरवट चमकदार तंतू दिसतात, मध्ये मध्ये आडव्या भिंती असलेले, फांद्या फुटलेले. शक्य असतं तेव्हा मी रुग्णालाच डोळा लावायला सांगतो. द्राक्षवाला माणूस बघतो आणि म्हणतो, ‘डॉक्टर, ही तर भुरीसारखीच!’ भुरी म्हणजे द्राक्षवेलीवरचा बुरशीचा रोग. त्यानंतर त्याला पूर्ण कोर्स घ्या म्हणून समजवावं लागत नाही.

यालाच आम्ही केओएच म्हणतो. तपासणीच्या आधी आठ-दहा दिवस बुरशीचं मलम लावू नये, नाहीतर तंतू सापडत नाहीत. ते दिसले पण उपचार चालेना, तर खपली कल्चरला पाठवतो. ती साबुरो नावाच्या माध्यमावर २५ ते ३० अंशांत ठेवतात आणि गजकर्णाची बुरशी निवांत वाढते, चार आठवड्यांपर्यंत वाट बघावी लागते. सगळ्यांना याची गरज नाही. तुमच्यासारख्या आठ महिने रेंगाळलेल्या केसमध्ये मात्र मी करतो.

खरवडण्याचा आग्रह का, तर गोल दिसणारं सगळं गजकर्ण नसतं. सोरायसिस गोल येतो, एक्झिमा गोल येतो. आणि आपल्या जिल्ह्यात विसरून चालणार नाही अशी गोष्ट: कुष्ठरोगाचा चट्टाही गोल असतो, कड उठलेली, मध्ये फिकट. पण तो खाजत नाही, त्यावर कोंडा नसतो, घाम येत नाही, आणि कापसाचा बोळा फिरवला तर कळत नाही. असा चट्टा दिसला तर ट्यूब नको, थेट सरकारी दवाखाना. तिथे औषध फुकट आहे आणि वेळेत घेतलं तर हातापायाची बोटं वाचतात.

हे सांगताना मी स्वतः काही धुतल्या तांदळाचा नाही. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एका शिक्षकांच्या पायाची नखं जाड, पिवळी, भुसभुशीत झालेली बघून मी तीन महिने टर्बिनाफिन हे बुरशीवरचं औषध दिलं. नख न तपासता. फरक शून्य. चौथ्या महिन्यात त्यांनी सहज डोकं खाजवलं, कानामागे बघतो तर सोरायसिसचा जाड कोंडा. नखंही सोरायसिसचीच होती. बिघडलेल्या दिसणाऱ्या नखांपैकी साधारण निम्म्यांतच बुरशी असते, हे पुस्तकात वाचलेलं वाक्य मला त्या दिवशी समजलं. तेव्हापासून नखाचा भुगा मायक्रोस्कोपखाली गेल्याशिवाय मी गोळी लिहीत नाही. नख खरंच बुरशीचं असलं तर हाताला सहा आठवडे, पायाला बारा आठवडे गोळ्या, आणि तरी नख दिसायला नीट व्हायला वर्ष-दीड वर्ष जातं, कारण पायाचं नख महिन्याला दीडेक मिलिमीटरच वाढतं.

तुमच्या रक्ताच्या प्रश्नाकडे येतो. नाही, उतरलेली नाही. गजकर्णाची बुरशी केराटिन खाऊन जगते, म्हणजे कातडीचा वरचा मेलेला थर, केस, नख. त्याच्या खाली तिला सहसा करमत नाही. म्हणून रक्तशुद्धीची काढे-सिरपं घेऊन काही साधत नाही, आणि वांग्या-बटाट्याचाही काही दोष नाही. खुशाल खा. साखर मात्र एकदा तपासा. वय ३४ असलं तरी तपासा.

फवारणीने गजकर्ण होत नाही. फवारणीच्या द्रावणाने अंगावर वेगळा पुरळ उठतो, जिथे द्रावण लागलं तिथे, आग होणारा, गोल कडा नसलेला. पण तुमच्या प्रश्नात एक धागा आहे, तो मी सोडत नाही. तुम्ही भुरीवर हेक्साकोनॅझोल किंवा टेब्युकोनॅझोल मारता. ती आणि तुम्ही गिळलेलं इट्राकोनॅझोल ही एकाच कुळातली, बुरशीच्या पेशीपटलाला लागणारं एर्गोस्टेरॉल बनू न देणारी. शेतातल्या अशा औषधांमुळे अ‍ॅस्परजिलस नावाची मातीतली बुरशी दवाखान्यातल्या औषधालाही दाद देईनाशी झाल्याचं आधी युरोपात आणि मग भारतातही दिसून आलंय. गजकर्णाचं पाप मात्र फवाऱ्याच्या माथी मारता येत नाही. तिथे दोष स्टिरॉइडच्या ट्यूबचा आणि अर्धवट कोर्सचा जास्त. पूर्वी गजकर्णात आम्हाला मुख्यतः ट्रायकोफायटॉन रुब्रम नावाची बुरशी भेटायची, दोन आठवडे टर्बिनाफिन दिलं की विषय संपायचा. गेल्या दहा-बारा वर्षांत तिची जागा एका चिवट भावंडाने घेतली. जपानी संशोधकांनी २०२० मध्ये तिचं नाव ट्रायकोफायटॉन इंडोटिनी ठेवलं, भारतातली म्हणून. टर्बिनाफिन ज्या एन्झाइमला पकडतं त्याच्या जनुकातच तिच्या अनेक वाणांनी बदल करून घेतलाय. अर्धा डोस, एक फवारा चुकवला, औषध बदललं नाही, की भुरी काय करते हे तुम्ही मला शिकवाल. कातडीवर तेच झालं.

मग तुमच्या इट्राकोनॅझोलने काम का केलं नाही? बुरशी चिवट असेलही, पण त्याआधी एक साधं कारण आहे. ही कॅप्सूल पोटात आम्ल असेल तरच विरघळते. तुम्ही ती उपाशीपोटी आणि वर आम्ल बंद करणाऱ्या पित्ताच्या गोळीबरोबर घेतलीत. बरंचसं औषध न शोषताच बाहेर पडलं. ही कॅप्सूल भरल्या पोटी, भाकरी-भाजीच्या पूर्ण जेवणानंतर लगेच घ्यायची, पित्ताच्या गोळीला सुट्टी द्यायची. स्वस्त-महागचा फरकही इथे खरा आहे. कॅप्सूल उघडली तर आत साबुदाण्यापेक्षा बारीक मणी असतात, औषध त्यांच्यावर लेपलेलं असतं, आणि मण्यांची संख्या-आकार कंपनीगणिक बदलतो. मी ठरावीक एक-दोनच लिहितो आणि बदलून देऊ नका म्हणून चिठ्ठीवर लाल शाईने लिहितो.

आणि पंधरा दिवस? तुमच्या केसमध्ये मी चार आठवड्यांनंतर पुन्हा बघेन आणि बहुधा सहा-आठ आठवड्यांपर्यंत नेईन. कातडीचा वरचा थर पूर्ण बदलायला महिनाभर लागतो. खाज दहाव्या दिवशी जाते, बुरशी जुन्या थरात बसलेली असते. वरून साधं, एकाच औषधाचं मलम, ल्युलिकोनॅझोल किंवा तत्सम, चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटं कोरी कातडी धरून लावायचं. डाग गेल्यावरही दोन आठवडे. हृदयाचा पंप कमजोर असेल तर इट्राकोनॅझोल चालत नाही, कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी तिचं वाकडं आहे, यकृताची तपासणी आधी लागते. मेव्हण्याची चिठ्ठी म्हणून चालत नाही ती यासाठी. बायकोला दिवस गेले असतील किंवा तशी शक्यता असेल तर तोंडावाटे काहीच नाही, क्लोट्रिमॅझोलसारखं मलम पुरे.

काही जण टाकळ्याचा पाला चोळतात. त्याचं संस्कृत नावच दद्रुघ्न, म्हणजे गजकर्ण मारणारा. माझं त्याच्याशी भांडण नाही, पावसाळ्यात त्याची भाजी मीही खातो. पण आठ महिने जुन्या, स्टिरॉइडने पातळ झालेल्या कातडीवर पाला घासला की वर आणखी जखम होते. जाता जाता एक अभिमानाची गोष्ट: बुरशीवरचं पहिलं भारतीय अँटिबायोटिक, हॅमायसिन, आपल्याच पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये सापडलं, आणि ज्या जिवाणूपासून काढलं त्याचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिम्प्रिना. तिथलंच ऑरिओफंजिन पुढे पिकांसाठी वापरलं गेलं.

मुलाच्या डोक्याचं वेगळं आहे. केसात गेलेल्या गजकर्णाला कुठलीही ट्यूब पुरत नाही, कारण बुरशी केसाच्या मुळापर्यंत असते. ग्रिसिओफल्विन किंवा टर्बिनाफिन पोटातून, वजनाप्रमाणे, कित्येक आठवडे. त्या जागेला सूज येऊन पू दिसायला लागला तर गळू समजून कुणाला चिरू देऊ नका. तोही बुरशीचाच प्रकार असतो आणि चिरल्याने टक्कल कायमचं राहतं. गोठ्यात कालवड आहे का? तिच्या डोळ्याभोवती किंवा मानेवर राखाडी, पापुद्र्याचे गोल डाग असतील तर जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. पोरं वासराला मिठी मारतात.

आता घर. घरातल्या एकालाच औषध दिलं तर चेंडू दुसऱ्याच्या अंगणात जातो आणि महिन्याने परत येतो. तिघांचे उपचार एकाच दिवशी सुरू व्हायला हवेत. टॉवेल वेगळे. कपडे कडक गरम पाण्यात भिजवून, उलटे करून उन्हात. जीन्सच्या कमरेच्या जाड शिवणीवर इस्त्री फिरवा, बागेत काम करताना तर जीन्स नकोच. आणि तो करदोडा. कमरेभोवतीचा चट्टा बरोबर त्याच्या रेषेत असणार, हे मी पैजेवर सांगतो. घामाने भिजलेला, वर्षानुवर्षं न बदललेला काळा दोरा म्हणजे बुरशीची बी साठवायची कणगी. आईंना वाईट वाटेल, पण उपचार संपेपर्यंत काढा, नंतर नवा बांधा.

अंगावर आणखी काही दिसलं तर घाबरू नका म्हणून थोडक्यात: पाठीवर-छातीवर फिकट, न खाजणारे ठिपके म्हणजे शिबं. शाम्पूसारख्या औषधाने बुरशी जाते, रंग भरायला मात्र महिने लागतात, तेवढ्यासाठी पुन्हा पुन्हा औषध घेऊ नका. गमबुटात दिवसभर राहून बोटांच्या बेचक्यात होतात त्या चिखल्या. पाय कोरडे ठेवणं हेच तिथे अर्धं औषध. मधुमेह असलेल्या पुरुषाला लघवीच्या जागी पांढरट थर आणि भेगा आल्या तर कँडिडा नावाच्या दुसऱ्या बुरशीचा संसर्ग असतो, आणि लघवीतून साखर बाहेर काढणाऱ्या डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांनी तो वाढतो. गोळी स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना सांगा.

डोळ्याबद्दल मात्र मला थांबून लिहायचंय, कारण तुम्ही बागेत काम करता. छाटणीच्या दिवसांत काडी सपकन डोळ्याला लागते, तार सुटते, उसाचं पातं लागतं. दोन दिवसांनी डोळा लाल, पाणी, उजेड सहन होत नाही, बुबुळावर पांढुरका ठिपका. काडीबरोबर फ्युजेरियम किंवा अ‍ॅस्परजिलस ही बुरशी आत जाते. मेडिकलमधून लाल डोळ्याचे थेंब आणले आणि त्यात स्टिरॉइड असलं, तर कातडीवर जे आठ महिन्यांत झालं ते बुबुळावर आठवड्यात होतं, आणि तिथे भेगा नाहीत, दृष्टी जाते. नेत्रतज्ज्ञ बुबुळाची तीच खरवड घेतात, तोच पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब, तेच तंतू. औषध नाटामायसिनचे ५ टक्क्यांचे थेंब, सुरुवातीला जागेपणी तासातासाला, आणि मग कित्येक आठवडे. काडी लागल्यावर डोळा चोळू नका, दूध-मध घालू नका, त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरांकडे जा. छाटणीला साधा पारदर्शक चष्मा लावा, फवारणीला लावता तसाच.

कातडी आणि डोळ्यानंतर स्टिरॉइडने बुरशीला वाट मिळाल्याची तिसरी जागा सगळ्यांनाच आठवत असेल. २०२१ च्या उन्हाळ्यात कोविडमधून बरे झालेले, साखर वाढलेले, स्टिरॉइड घेतलेले रुग्ण गाल सुजून, नाकातून काळा स्राव घेऊन यायला लागले. मे महिन्यात केंद्राने राज्यांना म्युकरमायकोसिसची साथरोग कायद्याखाली नोंद करायला सांगितलं. लोक काळी बुरशी म्हणायचे, पण बुरशी काळी नसते, रक्तपुरवठा तुटून मेलेला भाग काळा पडतो. अ‍ॅम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी नातेवाईक रात्री-अपरात्री शहरभर फिरत होते. त्यात स्टिरॉइडने कोविडमध्ये जीवही वाचवले, हे मला नाकारायचं नाही. योग्य रुग्णाला, योग्य दिवसांपुरतं दिलं तर ते औषध सोन्यासारखं आहे. तुमच्या जांघेत त्याचं काही काम नव्हतं, एवढंच.

येताना तिघंही एकत्र या. आठ महिन्यांत वापरलेल्या सगळ्या ट्यूब, रिकाम्या पिळवटलेल्यासुद्धा, आणि गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून आणा. आठ-दहा दिवस चट्ट्यांवर काहीही लावू नका, खोबरेल तेल चालेल. मुलाच्या डोक्याला तेलही नको, केस कापू नका, मला त्या डागातले तुटके केस चिमट्याने उपटून बघायचेत. आणि त्याचं वजन करून या.